पाण्याखालची पायरी

साताऱ्याजवळ संगम माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते. पावसाळा सरून पाणी निवळले की घाटाची बुडालेली पायरी दिसू लागते. पाथरवटाने सरळ घडवलेली तिची कड मात्र पाण्यातून पाहताना जागोजागी वाकलेली भासते. दगड जिथल्या तिथे असतो, वळलेला असतो तो त्याच्याकडून येणारा प्रकाश.

विश्वातील सर्वांत जुन्या प्रकाशाचेही असेच होते. विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचे असताना मोकळा झालेला हा प्रकाश आज जेमतेम २.७ केल्विन तापमानाच्या सूक्ष्मतरंगांच्या रूपाने सर्व दिशांनी आपल्यापर्यंत येतो. वाटेतील वस्तुमानाचे गुरुत्व त्याला किंचित वळवते. हे वळण साधारण अडीच कलांचे (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाच्या बाराव्या हिश्श्याएवढे असते. या वळणांवरून वस्तुमानाचा जो नकाशा तयार होतो, त्यात स्वतः न उजळणारे कृष्णद्रव्यही उमटते, आणि मला या साऱ्यात सर्वांत विलक्षण वाटते ते हेच. उणीव एकच: वाटेवरचे सारे वस्तुमान त्यात एकावर एक पडलेले असते, त्यामुळे जवळचे कोणते आणि दूरचे कोणते, हे कळत नाही.

अंतर सांगतात त्या दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह. पण रात्री साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावरून पाहिले, तर दिवे राजवाडा आणि पोवई नाक्याकडे दाटलेले दिसतात. तेवढ्यावरून वाड्यावस्त्यांवरच्या माणसांची मोजदाद करता येत नाही. दीर्घिकाही अशाच, जिथे वस्तुमान दाट तिथे अधिक दाटीने उजळतात.

म्हणून वळणांचा आणि दीर्घिकांचा असे दोन्ही नकाशे एकमेकांशी ताडून पाहायचे. दोन वेगळ्या उपकरणांतील चुका सहसा एकमेकींशी जुळत नाहीत. जुळते ते दोन्हींमागचे खरे वस्तुमान, आणि म्हणूनच क्षीण खूणसुद्धा हाती लागते. २००७ साली या जुन्या प्रकाशाची नोंद घेणाऱ्या डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या नोंदी रेडिओ दीर्घिकांच्या, म्हणजे रेडिओ लहरींत उजळणाऱ्या दीर्घिकांच्या, यादीशी जोडल्या, तेव्हा या वळणाचा पहिला पुरावा मिळाला. केवळ सूक्ष्मतरंगांच्या नोंदींवरून ते ओळखायला २०११ साल उजाडले, आणि ते काम चिलीच्या अटाकामा वाळवंटातील दुर्बिणीने केले.

आता दीर्घिकांचे अंतरानुसार थर पाडून प्रत्येक थर वळणांच्या नकाशाशी स्वतंत्रपणे ताडला जातो. त्यातून कोणत्या काळी वस्तुमान किती गोळा झाले होते हे उलगडत जाते, आणि विश्वाच्या प्रसरणाला वेग देणाऱ्या कृष्ण ऊर्जेने ते गोळा होणे किती मंदावले, याचेही मोजमाप करता येते.