डिस्टॉर्टेड रिदम गिटार घरी रेकॉर्ड करताय? आधी गेन कमी करा

नमस्कार मंडळी! आधी कानाला हेडफोन लावा आणि हे दोन तुकडे ऐका.

[तुकडा १: एकच गिटार, गेन पूर्ण]

[तुकडा २: दोन टेक (तोच भाग दोनदा वाजवून केलेलं रेकॉर्डिंग), डावीकडे-उजवीकडे, गेन निम्मा]

रिफ (गिटारचा पुन्हापुन्हा येणारा छोटा भाग) तोच, गिटार तीच, प्लगइनही (कॉम्प्युटरमधला अ‍ॅम्प) तेच. दुसऱ्यात गेन, म्हणजे डिस्टॉर्शनचं प्रमाण, निम्म्यावर आणलाय, तरी मोठा कोणता वाटला? दुसराच ना? आज हे असं का होतं तेच बघायचंय.

डिस्टॉर्शन म्हणजे सिग्नलचे शेंडे छाटणं. जितके जास्त छाटाल तितका हळू वाजवलेल्या आणि जोरात वाजवलेल्या सुरातला फरक कमी होत जातो. पिकचा (तार छेडायच्या पट्टीचा) तारेवर बसणारा टोला असतो ना, तोच आधी जातो. खोलीत एकटं वाजवताना हे भरघोस वाटतं. पण मागे ड्रम्स आले की गिटारचा नुसता गुणगुणाट उरतो. म्हणून पाम म्यूट करून, म्हणजे तळहाताची कड तारांवर टेकवून, एकेक टोला सुटा ऐकू येईपर्यंत गेन खाली आणा. एकट्या ट्रॅकवर तो थोडा कोरडा वाटेल, वाटू द्या. दुसरा टेक आला की भरून निघतो.

आता या दुसऱ्या टेकबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे. पहिला ट्रॅक कॉपी करून एक डावीकडे, एक उजवीकडे टाकला तर काय होतं? काहीच नाही. दोन्ही कानांत हुबेहूब तेच पोचतं, मग आवाज मधोमधच बसतो, फक्त जोरात वाजतो. कॉपी १५-२० मिलिसेकंदांनी सरकवली तर रुंदी आल्यासारखी वाटते, पण मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून, ऐकलं की काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खातात आणि गिटार पोकळ होते. खरी रुंदी येते ती तुमच्या हातातल्या बारीक फरकांमुळे. म्हणून तोच भाग खरोखर दुसऱ्यांदा वाजवायचा. एक टेक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे.

पण फरक बारीकच हवा. तो वाढण्याची पहिली जागा म्हणजे ट्यूनिंग. हे बघा, जाड तारांवर पॉवर कॉर्ड (मूळ सूर आणि त्याचा पंचम एकत्र) जोरात मारतोय. ट्यूनरकडे लक्ष द्या. काटा आधी वर उडतो, मग हळूहळू खाली येतो. म्हणजे ट्यूनिंग करताना तार हळूच छेडली आणि रिफ ताकदीने वाजवला, तर प्रत्येक टोला थोडा चढाच लागणार. त्यात डाव्या हाताने तार जास्त दाबली तर आणखी चढा. डिस्टॉर्शनमध्ये हे लपत नाही, उलट उघडं पडतं. तेव्हा ज्या जोराने वाजवणार त्याच जोराने ट्यून करा, आणि तेही प्रत्येक टेकच्या आधी. तारा जुन्या असतील तर बदलून घ्या.

फरक वाढण्याची दुसरी जागा म्हणजे रिफमधली शांतता. सुरुवात सगळेच बरोबर पकडतात, थांबणं चुकतं. दोन्ही टेक एकाच क्षणी बंद झाले की पुढचा टोला दणकून येतो. एक थोडा लांबला की सगळंच सैल वाटतं. दुसरा टेक वाजवताना पहिला कानात असू द्या, आणि थांबायच्या जागा क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यांवर) आधी पक्क्या करा.

सेटिंग पटकन सांगतो. इंटरफेसवर (गिटार कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) इन्स्ट्रुमेंट इनपुट निवडा आणि सर्वात जोरातला टोला साधारण उणे १२ डीबीपर्यंत जाऊ द्या. बफर (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो) १२८ सॅम्पल ठेवलात तर ४४.१ किलोहर्ट्झला एका दिशेचा, म्हणजे नुसता आत येतानाचा किंवा नुसता बाहेर जातानाचा, उशीर जेमतेम ३ मिलिसेकंद होतो. कोरडा, म्हणजे डिस्टॉर्शन न लागलेला, सिग्नल जपून ठेवा, म्हणजे टोन नंतरही बदलता येईल. अ‍ॅम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमरसारखा ओव्हरड्राइव्ह पेडल लावा, ड्राइव्ह शून्य आणि लेव्हल भरपूर. तो खर्ज डिस्टॉर्शनच्या आधीच कापतो. खर्ज एकदा डिस्टॉर्शनमधून गेला की त्याचा चिखल होतो, आणि तो नंतर ईक्यूने (फ्रिक्वेन्सी वाढवायचं-कमी करायचं साधन) निघत नाही.

खरा अ‍ॅम्प असेल तर एसएम ५७ माइक जाळीजवळ ठेवा. स्पीकरच्या मध्याकडे आवाज धारदार, कडेकडे मऊ. माइक बोटभर सरकवला तरी टोन बदलतो, तेव्हा ईक्यूला हात लावण्याआधी माइक हलवून बघा. प्लगइन वापरत असाल तर हेच काम कॅबिनेटचा आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे स्पीकर आणि माइकच्या आवाजाची साठवलेली नोंद) करतो. तो बंद राहिला तर माशा घोंगावल्यासारखं ऐकू येतं.

मिक्समध्ये ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा. गिटारची सर्वात खालची मोकळी तार ८२ हर्ट्झची, बेसची ४१. खालची जागा बेसची आहे, ती त्याला द्या. तुम्हाला जो ‘जाड’ गिटारचा आवाज आवडतो, त्यातला बराचसा जाडपणा बेसचा असतो. मिड्स (मधल्या फ्रिक्वेन्सी) मात्र कापू नका, गिटार तिथेच राहते. आणि टोन ठरवताना सोलो बटण (फक्त तोच ट्रॅक ऐकवणारं) दाबू नका. ड्रम्स आणि बेस चालू ठेवूनच नॉब फिरवा.