बेचाळीस अंश, पंचेचाळीस सेकंद

(बर्डीचा चौक, भर दुपार)
नागपूरचा मे महिना. दुपट्ट्यात गुंडाळलेली तोंडं. पानठेल्यावर पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणारा हात.

(बर्फाचा डबा, नळ्या)
शहरातल्या या छोट्या प्रयोगशाळेत मात्र नळ्या बर्फात रुतल्यात. आत ई. कोलाय जिवाणू आणि माणसाचं एक जनुक, ईजीएफआर. पेशीला ‘वाढ’ असा निरोप येतो, तो झेलणाऱ्या प्रथिनाचं. १९८४ मध्ये त्याची अख्खी क्रमवारी हाती आली ती वारेतून आणि ए-४३१ या कॅन्सर-पेशींतून. कोंबड्यांना रक्ताचा कॅन्सर देणाऱ्या विषाणूचं जनुक त्याचंच तुटकं भावंड निघालं.

(हातमोजे, पिपेट)
मूळ जनुक जवळजवळ दोन लाख बेसांचं, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचं. ते उचलायचं कसं? म्हणून पेशीनं आधीच काटछाट केलेला आरएनए, म्हणजे जनुकाची कामचलाऊ नक्कल, घ्यायचा आणि त्यावरून डीएनए उलटा लिहून काढायचा. उरतात ३६३३ बेस. आरएनए भारी नाजूक. बोटाचा घाम लागला तरी संपला.

(अतिनील दिवा, जेल)
जेलमधली ही केशरी पट्टी बघा, हाच तो डीएनए. हिच्यासाठी या मुलीनं किती जेल फेकले, ते विचारू नका. या टेबलापाशी कॅमेरा सहसा येत नाही. औषध बाजारात आलं की फीत कापायला रांग लागते.

(पाण्याचा टब, घड्याळ)
आता बर्फातून थेट ४२ अंशांत. बाहेर रस्त्यावर हे तापमान फुकट आहे! ४५ सेकंदांत जिवाणू दारं किलकिली करतात, प्लाझ्मिड, म्हणजे जनुक वाहून नेणारं डीएनएचं कडं, आत. पुन्हा बर्फ.

(पेट्री डिश)
दुसऱ्या दिवशी जिवाणूंचे निळे ठिपके, पांढरे ठिपके. निळे रिकामे, त्यांच्या प्लाझ्मिडात आपलं जनुक नाही. पांढरे टूथपिकनं उचलायचे, क्रमवारी वाचून घ्यायची, एक अक्षरही चुकलेलं चालत नाही.

तोंडाच्या कॅन्सरच्या बऱ्याच गाठींत हा ईजीएफआर बेसुमार असतो. त्याला अडवणारं सेटुक्सिमॅब हे औषध आहे, महाग आहे.

(डार्करूम)
जनुक मिळालं, पण ते काम करतं का? मुळात ईजीएफआर जवळजवळ नसलेल्या हॅम्स्टरच्या पेशींत ते घातलंय. अर्ध्या पेशींना ईजीएफ, म्हणजे तो ‘वाढ’चा निरोप, दिलं, अर्ध्यांना नाही. निरोप पोचला, तर दोन-दोन रेणू जोडीनं येतात आणि एकमेकांच्या टायरोसीनवर, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या एका दुव्यावर, फॉस्फेट चढवतात. तो फॉस्फेट ओळखणारी अँटिबॉडी लावून फिल्म धुतली.

डावा खाना, ईजीएफ न दिलेला, कोरा. उजव्यात, १७० किलोडाल्टनवर, म्हणजे ईजीएफआरच्या वजनाच्या जागी, काळी पट्टी.

(इथं निवेदन नाही. कूलरची घरघर राहू द्यावी.)