एअर फिल्टर बदललात? मग कार्बुरेटर पुन्हा ट्यून करावा लागेल

नमस्कार. बाइकचा एअरबॉक्स, म्हणजे कंपनीच्या एअर फिल्टरचा डबा, काढला, थेट कार्बुरेटरच्या तोंडावर बसणारा सुटा पॉड फिल्टर लावला, आवाज झकास आला. पण गाडी थ्रॉटल उघडताना अडखळते, रेस पटकन खाली येत नाही आणि थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाके वाजतात. यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘मेन जेट मोठा टाक’. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं नळकांडं, नंबर मोठा तर भोक मोठं. गंमत अशी की या तिन्ही तक्रारींचा मेन जेटशी जवळपास काहीच संबंध नाही.

आधी बिघडतं काय ते बघू. कार्बुरेटर पेट्रोल ढकलत नाही, ते ओढलं जातं. व्हेंचुरीतून, म्हणजे कार्बुरेटरच्या अरुंद गळ्यातून, हवा वेगाने गेली की तिथला दाब पडतो आणि खालच्या बाऊलमध्ये साठलेलं पेट्रोल जेटमधून वर येतं. कंपनीचा एअरबॉक्स हवेला थोडं अडवतो आणि जेटचे नंबर त्या अडथळ्यासकट ठरवलेले असतात. अडथळा गेला की हवा वाढते, पण पेट्रोलवरची ओढ कमी होते. मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. उलट झालं तर रिच. एक ग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ ग्रॅम हवा हा पूर्ण ज्वलनाचा हिशोब. फुल थ्रॉटलला जोर हवा असेल तर १२.५ ते १३. तिथे लीन चालवत राहिलात तर इंजिन तापतं, नॉकिंग सुरू होतं आणि शेवटी पिस्टन वितळतो.

आता एक गोष्ट पक्की करा. कोणता जेट काम करतोय हे थ्रॉटल किती उघडलाय त्यावर ठरतं. वेगावर नाही, आरपीएमवरही नाही. बंद ते पाव थ्रॉटल स्लो जेट आणि मिक्स्चर स्क्रू. पाव ते पाऊण, निडल, म्हणजे स्लाइडला लटकलेली निमुळती सुई. स्लाइड म्हणजे वर-खाली होऊन हवेची वाट उघडणारा भाग. शेवटचा पाव भाग मेन जेटचा. सीमारेषा पुसट असतात, आणि व्हॅक्यूमवर स्लाइड उचलणाऱ्या सीव्ही कार्बुरेटरमध्ये त्या आणखी पुसट. म्हणून थ्रॉटलच्या ग्रिपवर आणि शेजारच्या स्विचच्या खोक्यावर टेप चिकटवा, पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. तक्रार कोणत्या खुणेवर येते ते आधी लिहून काढा, पाना नंतर उचला.

[जवळून: कार्बुरेटरचं फिल्टरकडचं तोंड]

जेटला हात लावायच्या आधी हे तोंड बघा. कडेला दोन-तीन बारीक भोकं दिसतात, ते हवेचे मार्ग आहेत. पॉड फिल्टरच्या रबराची आतली कड जाड असेल तर ती नेमकी यांच्यावर बसते. सीव्ही कार्बुरेटरमध्ये यातला एक मार्ग डायफ्रामच्या, म्हणजे स्लाइड उचलणाऱ्या रबरी पडद्याच्या, खालच्या बाजूला जातो. तो झाकला की स्लाइड वर उचललीच जात नाही. असा फिल्टर असताना कितीही जेट बदला, गाडी लागणार नाही. रबराची कड कापून मोकळी करा, नाहीतर दुसरा फिल्टर घ्या. इंजिनकडचं मॅनिफोल्डचं रबर चिरलंय का तेही बघा, कारण तिथून हवा शिरली की लक्षणं हुबेहूब लीन जेटचीच दिसतात. आणि एअरबॉक्सला जोडलेली क्रॅंककेसची ब्रीदर नळी (इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारी) लोंबकळत सोडू नका, पण बूच मारून बंदही करू नका. तिच्या टोकाला छोटा फिल्टर लावा.

सुरुवात मेन जेटपासून करा, कारण मेन बदलला की निडलचा भागही थोडा हलतो. उलट फारसं होत नाही. मूळ जेट ११० असेल तर ११२ पासून १२५ पर्यंतचे चार-पाच जेट हाताशी ठेवा, आणि ते त्याच कंपनीचे. केहिनचा ११० आणि मिकुनीचा ११० एकसारखे नाहीत, नंबर मोजायची पद्धतच वेगळी आहे. मूळ एअरबॉक्स ठेवून फक्त आतला फिल्टर बदलला असेल तर बहुधा एखादा नंबर पुरतो, कधी तोही लागत नाही. पॉडला जास्त लागतात.

लीनकडून रिचकडे चाचपडत जाऊ नका, उलटं करा. मुद्दाम मोठा जेट टाका, इंजिन पूर्ण गरम करा, रिकाम्या सरळ चढावर तिसऱ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटल द्या. गाडी भुरभुरली, जड ओढली, म्हणजे रिच. एकेक नंबर खाली या, ती स्वच्छ ओढेपर्यंत. मग फुलवरून थ्रॉटल किंचित मिटा. मिटल्यावर गाडी उलट जास्त ओढली तर जेट लहान पडतोय, एक नंबर परत वर जा.

प्लगचा रंग बघायचा तर नवीन प्लग लावा, फुल थ्रॉटलवर ओढा आणि तिथेच किल स्विच व क्लच एकदम. थांबून प्लग काढा आणि पांढऱ्या चिनीमातीच्या अगदी तळाशी फिकट तपकिरी कडं शोधा. रमतगमत घरी येऊन काढलेला प्लग मेन जेटबद्दल काहीही सांगत नाही.

[जवळून: निडल, क्लिप]

निडल. क्लिप एक खाच खाली सरकवली की निडल वर जाते, मिश्रण रिच होतं. इथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. अर्ध्या थ्रॉटलवर एका वेगात चालवताना गाडी मागे-पुढे हिंदकळत असेल तर लीन. निडलला खाचाच नसतील तर तिच्या डोक्याखाली अर्धा मिलिमीटरचा वॉशर घाला. काढायच्या आधी फोटो काढून ठेवा. सीव्हीचं झाकण बसवताना डायफ्रामची कड खोबणीत नीट बसली पाहिजे, चिमटली की फाटलीच.

शेवटी मिक्स्चर स्क्रू. तो इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर फिरवला की रिच. फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, बाहेर फिरवला की लीन. आधी अलगद पूर्ण आत न्या, किती फेरे लागले ते मोजा. दाबून कसाल तर टोक भोकात मोडतं. मग दोन फेरे बाहेर काढा, गरम इंजिनवर पाव-पाव फेरा फिरवत आयडलिंग सर्वांत चढेल ती जागा शोधा, आणि वाढलेली रेस आयडल स्क्रूने खाली आणा. पेट्रोलचा स्क्रू तीन फेऱ्यांपलीकडे गेल्यावरच बरं वाटत असेल तर स्लो जेट लहान आहे, एक नंबर मोठा टाका. एका फेऱ्याच्या आतच चांगलं चालत असेल तर जेट मोठा झालाय. हवेच्या स्क्रूला हेच उलट वाचा. सुरुवातीच्या तिन्ही तक्रारी बहुतेक वेळा इथेच सुटतात. फटाके तरीही राहिले तर सायलेन्सरच्या जोडातून हवा शिरतेय का बघा. रेस लटकत राहिली तर थ्रॉटल केबलला सैलपणा आहे ना, ते.

सीव्ही कार्बुरेटरवर पॉड लावलाय आणि मधल्या थ्रॉटलला थोडी सुस्ती काही केल्या जात नाही? ती पूर्ण जाईलच असं नाही. त्या स्लाइडला एअरबॉक्समधली शांत हवा लागते, पॉडवर आडवा वारा आला तरी तिचं उचलणं बिघडतं. रोजच्या वापराच्या गाडीला मूळ एअरबॉक्समध्ये चांगला फिल्टर, हाच उपाय बरा.

जेटचे नंबर, क्लिपची खाच, स्क्रूचे फेरे, आणि त्या दिवशीचं तापमान एका कागदावर लिहून सीटखाली चिकटवा. थंड हवा दाट असते, त्यामुळे भर उन्हात काठावर बेतलेला जेट थंडीच्या पहाटे लीन पडतो. उंच डोंगरावर तोच रिच होतो. दोन नंबरांच्या मध्ये अडकलात तर मोठा ठेवा.