बालीहून आलात, ताप आला: डेंग्यूची टेस्ट कितव्या दिवशी?

नमस्कार मंडळी! दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या, बाली-थायलंड फिरून लोक नागपुरात परतले, आणि कमेंटमध्ये रोज तेच: "डॉक्टर, डेंग्यूचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, आता काळजी नाही ना?"

आधी मला सांगा, रक्त तापाच्या कितव्या दिवशी दिलं?

ताप, डोळ्यांमागे ठणका, हाडं मोडल्यासारखं दुखणं, हे तुम्हाला पाठ आहे. डास चावल्यावर ताप यायला बहुतेकदा 4 ते 10 दिवस लागतात, फार तर 14. परतून दोन आठवडे उलटल्यावर ताप आला, तर तो बालीचा डेंग्यू नसतो; पावसाळाभर गच्चीवर पडलेल्या कूलरच्या टाकीतला असू शकतो. मलेरियाची तपासणी मात्र त्याच दिवशी करा, थांबू नका.

आता मुद्द्याचं. माझ्या मेहुण्याला मंगळवारी ताप आला, बुधवारी रक्त दिलं. रिपोर्ट मी स्वतः पाहिला: आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी निगेटिव्ह. एनएस-वनचा उल्लेखच नाही! आयजीएम, आयजीजी या अँटीबॉडी, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर तयार करतं ती प्रथिनं; त्यातली आयजीएम चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसायला लागते. दुसऱ्याच दिवशी शोधणं म्हणजे पेरणीच्या आठवड्यात कापूस वेचायला वावरात जाणं. एनएस-वन हे विषाणूचंच प्रथिन, ते पहिल्या दिवसापासून सापडतं. म्हणून पहिले पाच दिवस एनएस-वन, पुढे आयजीएम, मधल्या दिवसांत दोन्ही. आणि आधी कधी डेंग्यू होऊन गेला असेल तर एनएस-वनही हुकू शकते. म्हणून पुन्हा विचारतो, कितवा दिवस? कालनिर्णयावर ताप आलेल्या तारखेला गोल करा, रक्त देताना लॅबमध्ये ती तारीख सांगा.

एका ताईंनी लिहिलंय, "पपईच्या पानांचा रस दिला, टेस्ट कशाला?" ताई, कळकळीनं सांगतो, टेस्ट टाळू नका. आणि तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको, त्यानं रक्तस्राव वाढू शकतो.

मेहुण्याची आयजीएम रविवारी पॉझिटिव्ह आली. त्या दिवशी ताप उतरला होता, घरी सगळे खूश. पण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरतानाच डेंग्यू दगा देतो. पोट दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, यातलं काहीही दिसलं तर रात्री बारा वाजताही दवाखाना गाठा. बहिणीला मी फोनवर एवढंच विचारलं, "पोट दुखतंय का त्याचं?" ती म्हणाली, "सकाळपासून दुखतंय, ॲसिडिटी असेल." तासाभरात त्याला भरती केलं, तीन दिवस सलाईनवर होता.