बर्डीचं फाटक, चिपची भाषा

[दृश्य: नागपूर मेट्रोचं सीताबर्डी इंटरचेंज, सकाळ. फाटकावर एकामागून एक कार्डं टेकतात.]

टिक्. फाटक उघडलं. खापरीहून आलेली माणसं लोकमान्य नगरच्या गाडीकडे पळताहेत. कार्ड आणि फाटक आत्ता काय बोलले, ते ऐकायला बर्डीवर कुणाला वेळ आहे!

[दृश्य: टेबल. सोललेलं कार्ड, चिमटा, भिंग.]

कार्डाचा पापुद्रा सोलला, की कडेनं फिरलेली ही तार दिसते. फाटकाच्या लहरींवर चिप जागी होते ती हिच्यामुळे. आणि ही सोनेरी चकती. एका कप्प्यातून वीज, एकातून घड्याळाचे ठोके, एकातून बोलणं. कोणता कप्पा कुठे, हे आयएसओ ७८१६ या आंतरराष्ट्रीय मानकानं ठरवून दिलंय. कार्डाचं मापही ठरलेलं: ८५.६० मिलिमीटर लांब, ५३.९८ रुंद. म्हणून कुठल्याही कारखान्यातलं कार्ड कुठल्याही रीडरमध्ये, म्हणजे कार्ड वाचणाऱ्या यंत्रात, बसतं. चालेलच असं मात्र नाही.

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा.]

रीडर कार्डाकडे फाइल मागतो. उत्तरात ‘९० ००’ आलं, तर काम फत्ते. इथे आलंय ‘६ए ८२’. म्हणजे, फाइल सापडली नाही. कार्ड धडधाकट आहे. फक्त ते पुरवणाऱ्या कंपनीनं, म्हणजे व्हेंडरनं, आतली मांडणी आपल्या मनानं केलीय.

[दृश्य: चिप असलेलं ड्रायव्हिंग लायसन्स.]

यावर तोड आपल्याकडेच निघाली. आयआयटी कानपूर आणि एनआयसी या सरकारी संगणक संस्थेनं लायसन्ससारख्या चिप-कार्डांसाठी ‘स्कोस्टा’ हे मानक तयार केलं: फायली कशा ठेवायच्या, कुलूप कसं लावायचं, सगळं लिहून जाहीर. चिप कुणाचीही घ्या, नियम तोच. सरकारनं एकाच व्हेंडरच्या दावणीला बांधून घ्यायचं नाही, एवढा साधा हिशेब. सरकारी कागदाला शाबासकी द्यायची वेळ क्वचित येते, ती ही.

[दृश्य: मेट्रो गाडी, झिरो माइल स्टेशन.]

४ मार्च २०१९ ला देशात ‘वन नेशन, वन कार्ड’ आलं: मेट्रो, बस, सगळीकडे चालावं असं एकच कार्ड. त्याच आठवड्यात नागपूरची मेट्रो धावली. त्या कार्डात प्रवासाची शिल्लक चिपमध्येच असते, फाटकाला बँकेला विचारत बसावं लागत नाही. मांडणी सगळ्यांना एकच.

जिथे ती जुळत नाही, तिथे यंत्रं तरी बदलतात, नाहीतर कार्डं. पैसे आपलेच.

[दृश्य: बसथांबा. एक बाई पाकिटातून कार्ड काढते, ठेवते, दुसरं काढते. पाकिटातली चारही कार्डं एकाच मापाची. निवेदन नाही.]