एकोणतीस कोऱ्या ओळी

नमस्कार श्रोतेहो.

शिकागो विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा हंगामवार तक्ता घेऊन मी आज तुमच्यासमोर बसलो आहे. तक्ता दिसायला साधा. डावीकडे साल, पुढे प्रशिक्षकाचं नाव, मग किती जिंकले, किती हरले, किती बरोबरीत सुटले. ओळी १८९२ पासून सुरू होतात आणि १९३९ पाशी थांबतात. त्यानंतरची ओळ थेट १९६९ ची. मधल्या एकोणतीस हंगामांपुढे काहीही नाही, हारही नाही नि जीतही नाही. महायुद्धात मुलं सैन्यात गेली म्हणून काही वर्षं खेळ थांबवणारी विद्यापीठं बरीच होती. इथे मात्र अमेरिका युद्धात उतरायच्या दोन वर्षं आधीच एका नामवंत संघानं आपणहून मैदान सोडलं. मला हा तक्ता ओळीओळीनं वाचावासा वाटला तो त्या रिकाम्या जागेमुळे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आपला फुटबॉल पायानं खेळतात, हा बहुतेक हातांनी. अंडाकृती चेंडू छातीशी कवटाळून समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे न्यायचा, आणि समोरच्यांनी चेंडूवाल्याला धरून खाली पाडायचं. ज्यानं कबड्डीत पायात सूर मारणारा कोपरारक्षक पाहिला आहे त्याला ही पकड समजावून सांगायला नको. चेंडू रेषेपलीकडे गेला की टचडाऊन, त्याचे सहा गुण. मग तोच चेंडू लाथेनं उभ्या खांबांमधून पार केला की आणखी एक. हा एक गुण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८९२ च्या ऑक्टोबरात विद्यापीठ उघडलं आणि त्याच महिन्यात संघही उभा राहिला. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी येल विद्यापीठातला आपला जुना विद्यार्थी बोलावून घेतला, एमॉस अलोन्झो स्टॅग. वय तीस. धर्मोपदेशक व्हायला निघालेला हा माणूस व्यासपीठावर आपली जीभ चालत नाही हे ओळखून मैदानाकडे वळला होता. हार्पर यांनी त्यांना अध्यापकाचा दर्जा दिला, नोकरी कायम. खेळ शिकवणाऱ्याला इतर प्राध्यापकांच्या पंगतीत बसवणं त्या काळी नवलाचं होतं. पहिल्या वर्षी अकरा गडी जमवायचीच मारामार, म्हणून स्टॅग स्वतःच खेळायला उतरले. पहिल्या सामन्यांपैकी एक तर शेजारच्या हायस्कूलच्या मुलांशी झाला. त्या ओळीकडे पाहून सात वर्षांनी हाच संघ आपल्या गटात, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या संघात, पहिला येईल असं कुणाला वाटलं नसतं. पण १८९९ च्या ओळीत ते आहे.

आता १९०५. त्या हंगामात शिकागोनं एकही सामना गमावला नाही, आणि साऱ्या हंगामात मिळून प्रतिस्पर्ध्यांना पाच गुण दिले. शेवटची गाठ होती मिशिगनशी. मिशिगन १९०१ पासून, म्हणजे सलग ५६ सामने, हरलेलं नव्हतं. ३० नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, शिकागोत सामना रंगला आणि बराच वेळ कुणालाच गुण मिळेना. उत्तरार्धात शिकागोच्या वॉल्टर एकरसॉलनं चेंडू असा लांब मारला की तो मिशिगनच्या रेषेमागे जाऊन पडला. डेनी क्लार्कनं तो उचलला आणि तिथेच थांबायचं सोडून पुढे धावायचं ठरवलं. तो रेषेबाहेर आलाही, पण मार्क कॅटलिननं त्याला धरून उलटा मागे रेटला. स्वतःच्याच रेषेमागे पकडलं गेलं की समोरच्याला दोन गुण मिळतात. सामना २–० असा सुटला. मिशिगनची पाच वर्षांची मालिका तुटली आणि शिकागोचा संघ देशात अव्वल ठरला. क्लार्कवर मात्र वर्तमानपत्रं तुटून पडली. एका पोरानं जीव तोडून पुढे धावायचं ठरवलं, एवढाच काय तो त्याचा गुन्हा. विजयाची ती ओळ वाचताना मला दर वेळी त्याचीच आठवण येते.

त्याच वर्षी या खेळात माणसं मरत होती. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारा असं बजावलं. पुढच्या हंगामापासून चेंडू हातानं पुढे फेकायला परवानगी मिळाली आणि खेळाची सगळी चालच बदलली. गर्दीत घुसून धक्काबुक्की करण्यापेक्षा मोकळ्या जागेला किंमत आली. स्टॅग नव्या नियमांत लगेच रमले. १९०७, १९०८ आणि १९१३ ही गटविजेतेपदाची वर्षं. १९१३ मध्येच मैदानाला त्यांचं नाव दिलं गेलं, स्टॅग फील्ड. प्रशिक्षक त्याच मैदानावर शिट्टी घेऊन उभा असताना!

श्रोतेहो, १९२२ ची ओळ तुमच्या-माझ्या माध्यमाशी जोडलेली आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. २८ ऑक्टोबर १९२२. पूर्वेकडचं नावाजलेलं प्रिन्स्टन विद्यापीठ शिकागोला खेळायला आलं. अमेरिकेत तेव्हा रेडिओ नुकता रांगायला लागला होता. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईएएफ केंद्रानं शिकागोच्या मैदानावरचा आवाज लांब पल्ल्याच्या टेलिफोनच्या तारांवरून न्यूयॉर्कला आणला आणि तिथून हवेत सोडला. हजारभर किलोमीटरवरच्या मैदानातला गलका लोकांनी आपल्या जागी बसून ऐकला. न दिसणारा खेळ कानानं पाहायची सवय जडायला अशाच एखाद्या दिवसापासून सुरुवात होते.

आणि काय सामना ऐकला त्यांनी! शिकागोच्या जॉन थॉमसनं तीन टचडाऊन केले, अठरा गुण. शेवटचं सत्र सुरू होताना १८–७ अशी आघाडी. मग प्रिन्स्टननं दोनदा रेषा ओलांडली, दोन्ही वेळा लाथेचा गुणही घेतला आणि २१–१८ अशी बाजी पलटवली. शेवटच्या क्षणांत शिकागोचे गडी अगदी रेषेच्या तोंडाशी पोचले. चेंडू थॉमसच्या हातात. वितीएवढं अंतर उरलं होतं आणि प्रिन्स्टनच्या भिंतीनं त्याला तिथेच गाडला. मघाशी तो एक गुण लक्षात ठेवा म्हणालो ते यासाठी. दोन्ही संघांचे टचडाऊन तीन-तीनच होते. प्रिन्स्टनच्या तिन्ही लाथा लागल्या, शिकागोची एकही लागली नाही.

दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, इलिनॉयचा रेड ग्रेंज शिकागोला आला. तीन आठवड्यांपूर्वी त्यानं मिशिगनविरुद्ध पहिल्या बारा मिनिटांत चार टचडाऊन केले होते. त्या वादळाला शिकागोनं २१–२१ असं रोखलं. त्या वर्षीही गटविजेतेपद मिळालं, आणि ते शेवटचं ठरलं. पुढच्या ओळी मी भराभर वाचतो, कारण त्यांत उतरण आहे. शेजारची सरकारी विद्यापीठं हजारोंनी मुलं घेत होती, खेळाडूंसाठी त्यांच्याकडे सोपे अभ्यासक्रम होते. शिकागोत मात्र फुटबॉलवाल्यालाही इतरांसारखीच कठीण परीक्षा. १९३२ अखेर सत्तरी आली म्हणून स्टॅग यांना निवृत्त व्हायला लावलं. एक्केचाळीस हंगाम एकच नाव असलेला तक्त्याचा रकाना तिथे बदलतो आणि क्लार्क शॉनेसी हे नाव येतं.

शॉनेसींच्या वाट्याला एक हिरा आला. आयोवातल्या डब्यूक गावचा जे बरवँगर. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या डाउनटाउन ॲथलेटिक क्लबनं एक नवा करंडक ठेवला आणि तो पहिल्यांदा बरवँगरला दिला. पुढच्या वर्षीपासून त्याला हाइझमन करंडक म्हणू लागले. आज अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये त्याच्याहून मोठा मान नाही. आणि त्या वर्षी बरवँगरचा संघ? चार जिंकले, चार हरले. आदल्या वर्षीही तेच. देशातला सर्वांत चांगला गडी अशा संघात खेळत होता. १९३६ मध्ये व्यावसायिक संघांनी पहिल्यांदा खेळाडूंची रीतसर निवड केली तेव्हा पहिलं नाव पुकारलं गेलं ते याचंच. तो गेला नाही. पैशांचं जमेना, त्यानं दुसरी वाट धरली. करंडक त्याच्या मावशीकडे होता. तो फळीवर मावेना म्हणून तिनं दार उघडं राहावं यासाठी दाराला लावून ठेवला. बरवँगरला पकडायला गेलेल्या मिशिगनच्या एका पोराच्या गालावर त्याची टाच लागून व्रण उमटला होता. ते पोर पुढे अमेरिकेचं राष्ट्राध्यक्ष झालं, जेरल्ड फोर्ड.

१९३८ ची एक ओळ वाचताना घसा दाटतो. शिकागोनं निवृत्त केलेले स्टॅग कॅलिफोर्नियात कॉलेज ऑफ द पॅसिफिकचा संघ शिकवत होते. शहात्तराव्या वर्षी ते तो संघ घेऊन शिकागोला आले, आपलंच नाव असलेल्या मैदानावर, आणि आपल्याच जुन्या विद्यापीठाला ३२–० नं हरवून गेले.

मग १९३९. हा हंगाम मी पूर्ण वाचणार आहे, कारण या मुलांचं कुणी तेवढं ऐकत नाही. पहिला सामना बेलॉइट या लहानशा कॉलेजशी, ०–६, हार. वॉबॅशशी १२–२, जीत. हार्वर्ड, ०–६१. मिशिगन, ०–८५. व्हर्जिनिया, ०–४७. ओहायो स्टेट, ०–६१. ओबर्लिन, २५–०, जीत. इलिनॉय, ०–४६. मिळवलेले गुण ३७, दिलेले ३०८. मिशिगनचे प्रशिक्षक होते फ्रिट्झ क्रिसलर, शिकागोचेच माजी विद्यार्थी. त्यांना फ्रिट्झ हे नावही स्टॅग यांनीच ठेवलेलं, व्हायोलिनवादक फ्रिट्झ क्राइसलर यांच्यावरून.

पंच्याऐंशी गुण खाल्ल्यावर पुढच्या शनिवारी पुन्हा बूट बांधून उतरणं सोपं नसतं. या मुलांना कुणी पैसे देत नव्हतं, परीक्षेत सवलत नव्हती. स्टँड निम्मेही भरत नव्हते. तरी ती आठही सामने खेळली, आणि ओबर्लिनला एकही गुण दिला नाही. १९०५ च्या संघाइतकाच मान मी यांना देतो.

२१ डिसेंबर १९३९ ला विश्वस्तांनी फुटबॉल बंद केला. अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स तिशीतच विद्यापीठाचे अध्यक्ष झालेले, बुद्धीनं तेज माणूस. त्यांचं म्हणणं असं की तिकिटांच्या गल्ल्यासाठी चालवलेल्या खेळाचा शिक्षणाशी काही संबंध उरलेला नाही. त्यांच्या तक्रारीतलं अक्षर न् अक्षर मला पटतं. निर्णय मात्र पटत नाही. गल्ला बंद करायचा होता, तर बेलॉइट आणि ओबर्लिनसारख्यांशी खेळत राहायचं. ती वाट त्याच हंगामाच्या तक्त्यात दिसत होती.

इथून ओळी कोऱ्या. पण त्या जागी काहीच घडलं नाही असं नाही. १९४० मध्ये शॉनेसी स्टॅनफर्डला गेले आणि दहापैकी दहा सामने जिंकले. स्टॅग फील्डच्या पश्चिमेकडच्या रिकाम्या स्टँडखाली एक बंदिस्त कोर्ट होतं. २ डिसेंबर १९४२ ला तिथे भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटच्या विटा आणि युरेनियम रचून माणसानं घडवलेली पहिली नियंत्रित अणु-साखळी अभिक्रिया चालवली. फुटबॉलची गर्दी आटली नसती तर ती जागा मिळाली असती का, कोण जाणे. १९५७ मध्ये ते स्टँड पाडले. १९६५ मध्ये स्टॅग वारले, वय एकशे दोन.

आणि त्याच जागेवर, १९७० मध्ये, रेगेनस्टाइन ग्रंथालय उभं राहिलं. इथे आपला धागा जोडला जातो. जुन्या श्रोत्यांना रेशनवरचा पीएल-४८० चा, म्हणजे त्या नावाच्या अमेरिकी कायद्याखाली आलेला, गहू आठवत असेल. त्या गव्हाचे पैसे भारतानं रुपयांत दिले, आणि त्या रुपयांतल्या काहींतून अमेरिकी ग्रंथालयांसाठी भारतीय भाषांतली पुस्तकं घेतली गेली, मराठीसुद्धा. शिकागो त्या ग्रंथालयांपैकी एक. थॉमसला जिथे वितीवर अडवला, त्या परिसरात आज मराठी पुस्तकं कपाटांत उभी आहेत.

संघ परत आला तो हळूहळू. साठच्या दशकात फुटबॉल हा आधी एक वर्ग म्हणून शिकवला जाऊ लागला. १९६३ च्या नोव्हेंबरात नॉर्थ सेंट्रल कॉलेजशी सामना ठरला, तर विद्यार्थीच मैदानाच्या मध्यरेषेवर ठाण मांडून बसले. पुन्हा तो बाजार नको, म्हणून. पोलिसांना बोलवावं लागलं. मला त्या मुलांचं प्रेमच वाटतं, त्यांना आपल्या विद्यापीठाची काळजी होती. पण १९६९ मध्ये रीतसर संघ उतरला तेव्हा त्यांची भीती खरी ठरली नाही. नवं स्टॅग फील्ड जुन्यापासून थोडं पश्चिमेला आहे, लहानसं. संघ कॉलेज खेळांच्या तिसऱ्या विभागात खेळतो, तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही असा नियमच आहे. मुलं सकाळी गणित सोडवतात आणि दुपारी सरावाला येतात. बरवँगरचा करंडकही मावशीच्या दारातून विद्यापीठाच्या क्रीडाभवनात आला आहे.

२०१७ मध्ये हा संघ मिडवेस्ट कॉन्फरन्स नावाच्या लहान कॉलेजांच्या गटात दाखल झाला. त्या गटातल्या संघांची नावं मी वाचत गेलो आणि एका नावापाशी थांबलो. १९३९ च्या शेवटच्या हंगामात पहिल्याच शनिवारी ज्यांनी ६–० नं हरवलं होतं, ते बेलॉइट तिथे होतं.

नमस्कार.