नत्राला लगाम, पण कोणत्या मातीत?

(दृश्य: ओल्या मातीवर युरियाचे पांढरे दाणे विरघळताना)

युरियाचा दाणा ओल्या मातीत पडला की तो फार काळ युरिया राहत नाही. मातीतलं युरिएज हे विकर काही दिवसांतच त्याचं अमोनियम करून टाकतं. अमोनियमवर धनभार, चिकणमातीच्या कणांवर ऋणभार. त्यामुळे ते मातीला धरून बसतं. इथपर्यंत नत्र आपल्या हातात आहे.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालचे जिवाणू)

पण याच अमोनियमवर जगणारे जिवाणू मातीत असतात. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास ते वेगळे करून दाखवले. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियमचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. हेच नत्रीकरण. नायट्रेटवर ऋणभार असल्यानं मातीचा कण त्याला धरत नाही. मोठा पाऊस झाला की ते मुळांच्या खाली उतरतं. पाणी साचून हवा कोंडली की वायू होऊन उडतं. त्यातला नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमान वाढवतो.

नत्रीकरण रोधक नावाची रसायनं यातली पहिलीच पायरी, अमोनियमचं नायट्राइट होणं, अडवतात. नायट्रापायरिन, डीसीडी, डीएमपीपी ही त्यांतली परिचित नावं. काही आठवडे अमोनियमचं नायट्रेट होणं मंदावतं, एवढंच त्यांचं काम. नत्र ते वाढवत नाहीत. जे वाया जाणार होतं, त्यातलं काही वाचवतात. वाया फारसं जातच नसेल, तर वाचवणार काय?

(दृश्य: रेताड शेतात मुरणारं पाणी)

रेताड जमिनीत निचरा जास्त, म्हणून फायद्याची आशाही जास्त. अडचण वेगळीच निघते. डीसीडी पाण्यात सहज विरघळतं आणि पाण्याबरोबर खाली जातं. अमोनियम मात्र वरच राहतं. राखणदार निघून गेला आणि धान्य खळ्यावरच राहिलं, अशी गत. डीएमपीपी मातीत तेवढं सरकत नाही. जाता जाता सांगायचं तर, न्यूझीलंडमध्ये कुरणांवर वापरलेल्या डीसीडीचे अंश दुधात सापडले आणि २०१३ च्या सुरुवातीला त्याची विक्री थांबवण्यात आली.

भारी, सेंद्रिय कर्ब भरपूर असलेल्या मातीत रोधकाचा काही भाग मातीच्या कणांनाच चिकटतो आणि जिवाणूंपर्यंत पोचत नाही. नायट्रापायरिनच्या बाबतीत हे ठळक दिसतं. माती तापली की रोधकाचं विघटनही लवकर होतं. तरीही पाणी धरून ठेवणाऱ्या अशा जमिनीत नायट्रस ऑक्साइड घटण्याचा लाभ मोठा असू शकतो. तो उत्पादनाच्या आकड्यात दिसेलच असं नाही.

(दृश्य: सामू मोजणारं उपकरण, आकडा आठच्या वर)

खरी गुंतागुंत चुनखडीच्या जमिनीत आहे. इथे नत्रीकरण वेगानं होतं, रोधक ते अडवतोही. पण सामू, म्हणजे पीएच, आठच्या पुढे असताना अमोनियम वरच्या थरात रेंगाळलं, तर त्याचा अमोनिया होऊन हवेत जातो. खालची गळती थांबवली, तर वरची वाढली! म्हणून अशा जमिनीत खत पृष्ठभागावर फेकू नये. ते मातीआड करावं, किंवा लगेच पाणी द्यावं. युरिएज रोखणारं एनबीपीटी सोबत वापरणं हाही एक मार्ग आहे.

आम्ल जमिनीत आणखी एक पात्र येतं: आर्किया, म्हणजे जिवाणूंहून वेगळ्या गटातले एकपेशीय सूक्ष्मजीव. अमोनियमवर जगणारा आर्किया प्रयोगशाळेत पहिल्यांदा वाढवता आला २००५ मध्ये, तोही सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातल्या नमुन्यातून. आम्ल मातीत नत्रीकरणाचं बरंच काम आर्किया करतात, आणि अनेक चाचण्यांत डीसीडी, डीएमपीपी यांचा त्यांच्यावर जिवाणूंइतका परिणाम झालेला नाही.

(दृश्य: शेजारी शेजारी चाचणीच्या पट्ट्या)

रोधक वापरूनही फरक पडला नाही, असं शेतकरी सांगतात तेव्हा आधी नत्राची मात्रा विचारावी. पिकाला गरजेपेक्षा जास्त नत्र मिळत असेल, तर वाचलेलं नत्र त्याच्या कामी येत नाही. म्हणून चाचणीत पूर्ण मात्रेच्या दोन पट्ट्या, एक रोधकासह आणि एक त्याविना, पुरत नाहीत. कमी केलेल्या मात्रेच्याही तशाच दोन पट्ट्या लागतात. रोधकाचा फरक दिसायचा असेल, तर तिथे दिसतो.